कोल्हापुरात बसून जमिनीच्या हक्काची वकिली जमते का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, हातकणंगले तालुक्यातली, विचारतेय की सर, मला संविधानातल्या मालमत्ता हक्कावर प्रॅक्टिस करायची आहे, ते कोल्हापुरात राहून जमेल का मुंबई-दिल्ली गाठायला लागेल, सुरुवात कुठनं करू, आणि खरं सांगा पोट भरतं का. जाता जाता तिनं हेही लिहिलंय की काकांच्या उसातनं नॅशनल हायवे जाणार आहे, पंधरा दिवसांमागं पेपरात नोटीस आलीय आणि काका म्हणतायत सुगी झाली की निवांत मोठा वकील बघू.

काकांचं मी शेवटी लिहिलंय पण तू शेवटपर्यंत थांबू नको, आधी खालचा शेवटचा भाग वाच, काकांना फोन कर आणि मग वर ये.

तर पोरी, पहिली गोष्ट. 'संविधानातल्या मालमत्ता हक्काचे वकील' अशी पाटी लावलेला माणूस २८ वर्षांत मी तरी आपल्याकडं बघितला नाही. पाटीवर दिवाणी, फौजदारी, महसूल असंच असतं. माणसं येतात ती प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन, त्यात सातबारा, आठ-अ, सोसायटीची पावती, एखादी जुनी लग्नपत्रिका पण निघते, आणि पिशवी टेबलावर ठेवून म्हणतात सायेब, जमीन गेली. कशी गेली, कधी गेली, कुणी घेतली, काय सांगता येत नाही. ती पिशवी वाचता येणं हा ह्या कामाचा नव्वद टक्के भाग आहे आणि उरलेले दहा टक्के म्हणजे ३००-ए.

कलम ३००-ए एका वाक्याचं आहे. कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कुणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, बस्स. ह्याच्यात मोबदला हा शब्दसुद्धा नाही. पण सगळी प्रॅक्टिस त्या 'कायद्याचा अधिकार' ह्या दोन शब्दांवर उभी आहे. समोरच्या अधिकाऱ्याला शांतपणे विचारायचं, कुठल्या कायद्यानं घेतली? कुठलं कलम? तारीख काय? मोबदला ठरवणारा निवाडा कुठाय? ताबा पावती कुठाय? चौथ्या प्रश्नाला फाईल शोधायला शिपाई आत जातो आणि बऱ्याचदा परत येत नाही.

एक उदाहरण सांगतो म्हणजे कळेल. करवीर तालुक्यातला एक शेतकरी, तीन एकर ऊस, रानाच्या कडंनं रस्ता. तो रस्ता आधी गाडीवाट होता, मग त्यावर मुरूम पडला, मग खडी आली, मग डांबर, आणि दरवेळी दोन-दोन हात उसात सरकला. कुणी तक्रार केली नाही कारण रस्ता झाला की ट्रॉली बांधापर्यंत येते, सगळ्यांना बरंच वाटतं. पुढं वाटणी करायची वेळ आली तेव्हा मोजणी आणली आणि क प्रत, म्हणजे मोजणीचा सहीशिक्क्याचा नकाशा, हातात आल्यावर लक्षात आलं की सहा गुंठं रस्त्याखाली आहेत. सातबाऱ्यावर मात्र सगळं क्षेत्र ह्याच्याच नावावर, शेतसारा पण हाच भरतोय. मी माहिती अधिकारात अर्ज टाकायला लावला. दीड महिन्यानं उत्तर आलं, एका ओळीचं, की सदर रस्त्याकामी भूसंपादन केल्याबाबतचा कोणताही अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही. तो माणूस तोंड पाडून आला, म्हणाला वकीलसाहेब कागदच नाहीत म्हणतायत, संपलं सगळं. मी त्याला चहा पाजला. म्हटलं अहो हाच कागद पाहिजे होता आपल्याला. ज्यांनी जमीन घेतली तेच सहीशिक्क्यानं लिहून देतायत की कुठल्याच कायद्यानं घेतली नाही, ह्याच्यापेक्षा चांगला ३००-ए कुठं मिळणार.

पुढं हायकोर्टात रिट याचिका केली. सरकारी बाजूनं तीच तीन उत्तरं आली जी नेहमी येतात: रस्ता तीस वर्षं आहे, गावानं राजीखुशीनं जागा दिली, आणि इतका उशीर का केला. राजीखुशीचा एक कागद दाखवा म्हटलं तर नव्हता. उशिराच्या मुद्द्यावर दोन निकाल पाठ करून ठेव. एक आपल्याच राज्यातला, तुकाराम काना जोशी विरुद्ध एमआयडीसी, २०१२ चा, जमिनी १९६४ च्या सुमारास घेतलेल्या आणि मोबदला नाहीच, सुप्रीम कोर्टानं उशिराचं कारण सरकारला पुढं करू दिलं नाही. दुसरा विद्या देवी, जानेवारी २०२०, हिमाचलमधली ऐंशी वर्षांची अशिक्षित विधवा बाई, १९६७-६८ साली रस्त्यासाठी जमीन गेलेली, आणि सरकार कोर्टात काय म्हणालं माहिती आहे का, की इतकी वर्षं आमचा ताबा आहे म्हणून प्रतिकूल कब्जानं आम्हीच मालक. सरकारनं आपल्याच नागरिकाविरुद्ध कब्जेदाराचं भांडण भांडायचं! कोर्टानं ते उडवून लावलं. आमच्या केसमध्ये पण संपादनाची कार्यवाही करून २०१३ च्या नवीन भूसंपादन कायद्यानं मोबदला द्या असा आदेश झाला. पैसे त्यानंतर कंटेम्प्टची, म्हणजे कोर्टाच्या अवमानाची, नोटीस गेल्यावर आले, ते वेगळं.

आता कॉलेजमधलं. तुम्हाला शिकवतात की मालमत्ता आधी मूलभूत हक्क होता, १९(१)(एफ) आणि कलम ३१, मग ४४ व्या दुरुस्तीनं २० जून १९७९ पासून तो काढला आणि ३००-ए आला. बरोबर आहे. मधली सगळी रेष पण तोंडपाठ असते पोरांना, गोलकनाथ १९६७, बँक राष्ट्रीयीकरण १९७०, केशवानंद भारती १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. पण केशवानंदमध्ये मूळ भांडण केरळातल्या एका मठाच्या जमिनीचं होतं आणि गोलकनाथ हे जालंधरकडचं शेतकरी कुटुंब होतं हे अर्ध्या पोरांना ठाऊक नसतं. म्हणजे ज्या निकालांवर अख्खं संविधान उभं आहे म्हणतात ते निकाल जमिनीच्या भांडणातनंच आलेत. आणि असली जमिनीच्या कमाल मर्यादेची, कुळांची भांडणं आपल्या तहसीलमध्ये अजून चालू आहेत.

आणि एक गोष्ट घरी विचार. तुझ्या आजोबा-पणजोबांची जमीन कुळकायद्यातली आहे का? फेरफार काढून बघ, बहुतेक १९५७ नंतरची कुठलीतरी नोंद मिळेल, ३२-जी चा किंमत ठरवणारा आदेश, ३२-एम चं खरेदी प्रमाणपत्र. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं कायद्यानं जमिनीची मालक मानली गेली. तेव्हा जमीनदार पण सुप्रीम कोर्टात गेले होते की आमच्या मालमत्तेच्या हक्कावर घाला आला, आणि हरले, कारण पहिल्या घटनादुरुस्तीनं १९५१ सालीच ३१-ए घालून असल्या कायद्यांना कवच दिलं होतं. ते कवच नसतं तर आज आपल्याकडची निम्मी खातेदार मंडळी दुसऱ्याच्या रानात वाट्यानं राबत असती. हे मी मुद्दाम सांगतोय. ह्या प्रॅक्टिसमध्ये काही पोरं येतात त्यांना मालमत्तेचा हक्क म्हणजे देव्हाऱ्यातला देव वाटतो, सरकारनं हात लावला की अन्याय. तसं नाहीये ते. ज्या कायद्यानं तुझ्या काकांना मालक केलं तो कायदा पण कुणाची तरी मालमत्ता काढून घेऊनच झाला, आणि आता त्याच काकांची जमीन रस्त्याला जाताना आपण ३००-ए म्हणून ओरडणार. दोन्ही बाजू डोक्यात असल्या तर कोर्टात बोलणं वजनाचं होतं, नाहीतर न्यायाधीश दोन मिनिटांत ओळखतात.

त्याच ३१-ए च्या पोटात एक परंतुक, म्हणजे जोडून घातलेली अट, आहे, १७ व्या दुरुस्तीनं १९६४ साली आलेलं, ते फार कमी वकील वापरतात. माणूस स्वतः जमीन कसतोय आणि ती कमाल मर्यादेच्या आत आहे, तर असली जमीन सरकारनं घ्यायची झाली तर बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात घेता येत नाही. दोन-तीन एकरवाल्या माणसासाठी हे सोन्यासारखं आहे. उघडून वाच.

कोल्हापूर का मुंबई? पाच वर्षांमागं विचारलं असतंस तर उत्तर वेगळं होतं. आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचो, अशील आणि आपण एकाच डब्यात, त्याच्या घरच्या भाकऱ्या आणि खर्डा, सकाळी मुंबईत उतरायचं, कुठंतरी तोंड धुवायचं आणि हायकोर्टात बोर्डावर अमुक नंबर. संध्याकाळी कळायचं की मॅटर पोचलंच नाही, परत रात्रीची गाडी. गरीब माणसाचा हक्क निम्मा त्या गाडीच्या तिकिटातच संपायचा. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात बसतंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांचं काम. त्या बेंचसाठी वकील मंडळी किती वर्षं रस्त्यावर उतरली होती हे तुझ्या पिढीला नुसतं ऐकून माहिती. तेव्हा रिट टाकायला आता मुंबई नको. सकाळी तहसीलमध्ये फेरफाराची नक्कल घ्यायची आणि दुपारी त्याच फेरफारावर हायकोर्टात बोलायचं असा दिवस आता कोल्हापुरातल्या ज्युनिअरला मिळतो, आमच्या नशिबात तो नव्हता. दिल्ली तर डोक्यातनं काढून टाक, तिथं गेलेलं मॅटर इथल्या फाईलवरच लढलं जातं, फाईल इथं कच्ची राहिली तर तिथं कितीही मोठा माणूस उभा केला तरी उपयोग नाही.

सुरुवात म्हणशील तर वकिलीची सनद घेणं आता स्वस्त आहे, सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये सांगितल्यापासून खुल्या गटाला ७५० रुपयांच्या वर नोंदणी फी घेता येत नाही. नंतर ऑल इंडिया बारची परीक्षा दे. आणि मग, हे कुणाला आवडत नाही, पण पहिली तीन वर्षं दिवाणी आणि महसूल करणाऱ्या सिनिअरकडंच बस, नुसत्या रिटवाल्याकडं नको. प्रांत कचेरी, अपर जिल्हाधिकाऱ्यांकडची अपिलं, भूमी अभिलेख, सगळीकडं फीर. मोजणीला स्वतः बांधावर जा. मोजणीवाला कुठल्या खुणेपासनं मोजतोय ते बघितल्याशिवाय नकाशा वाचता येत नाही, हे मी पुस्तकातनं शिकलो नाही, एकदा उलटतपासणीत मोजणीदारानंच माझी फजिती केली तेव्हा शिकलो.

त्यात आपला जिल्हा म्हणजे संस्थानी. १ मार्च १९४९ ला विलीन झालं, त्याच्या आधीचे कागद दरबारी, वतनं, इनामं, देवस्थानच्या जमिनी, सगळ्याला वेगवेगळा कायदा, आणि बरेच कागद मोडी लिपीत. मोडी शीक. गंमत म्हणून सांगत नाहीये. पुराभिलेखागारातनं काढलेली एक जुनी दरबारी सनद वाचता आली म्हणून मी एक अपील जिंकलोय, समोरचे वकील साहेब माझ्यापेक्षा दहा पटीनं हुशार होते पण त्यांना मोडी वाचणारा माणूस शोधायलाच दोन तारखा गेल्या.

माझी चूक पण सांगतो, कारण ह्या कामातल्या चुका आपल्याला नाही, अशिलाला महागात पडतात. १९९९ सालची गोष्ट, जुना १८९४ चा भूसंपादन कायदा चालू होता. धरणाच्या कालव्यासाठी संपादन, ग्रामपंचायतीत चेकवाटप. मी नवीन, दोन वर्षांची सनद. म्हातारा अशील, धोतर, हातात काठी, मला बाजूला घेऊन म्हणाला पोरीचं लगीन आहे, चेक घेऊ का नको? मी म्हटलं घ्या की, पैसे आपलेच आहेत, नंतर वाढीव मागू. त्यानं पावतीवर अंगठा दिला. पावतीवर 'हरकत राखून स्वीकारले' एवढे तीन शब्द लिहायचे असतात हे मला माहिती होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण तिथं टेबलापाशी गर्दी, कारकून घाई करतोय, मी बघत उभा राहिलो आणि विसरलो. जुन्या कायद्यात हरकत न नोंदवता पैसे घेतले की वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडं रेफरन्स मागायचा हक्कच जातो. शेजारच्या गटवाल्यानं लिहिलं होतं. त्याचा रेफरन्स चालला, २००४ मध्ये दर जवळजवळ दुप्पट झाला. सिनिअरना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, २८-ए काढ. तर २८-ए असं होतं की एकाच अधिसूचनेतल्या एका माणसाला कोर्टानं वाढवून दिलं तर बाकीचे, ज्यांनी रेफरन्स केला नाही तेसुद्धा, त्या निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करू शकतात. आणि हरकत नोंदवली नव्हती म्हणून ह्यात अडत नाही हे घटनापीठानं हंसोली देवी प्रकरणात २००२ ला सांगून ठेवलं होतं. धावत नक्कल काढली, अर्ज मुदतीत गेला. त्यावर आदेश व्हायला २००९ उजाडलं. तोवर म्हातारा गेला होता. पैसे पोरांना मिळाले आणि त्यातला धाकटा मला पेढे घेऊन आला, ते पेढे खाणं मला फार जड गेलं.

तेव्हापासून चेकवाटपाला मी ज्युनिअरला पाठवत नाही, स्वतः जातो. आता २०१३ चा कायदा आहे, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्यात रेफरन्स कलम ६४ खाली आणि २८-ए च्या जागी कलम ७३. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर रेफरन्स मागायला सहा आठवडे. कलमं बदलली, पावती तीच आहे.

मोबदल्याचं गणित पण नीट शिकून घे, लोकांना चौपट हा शब्द माहिती असतो पण तो कुठनं येतो ते माहिती नसतं. बाजारभाव काढायचा, ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधला गुणांक लावायचा, झाडं-विहीर-घर धरायचं, आणि येणाऱ्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम. गुणांक २ असेल तर जमिनीचे चौपट होतात, १ असेल तर दुप्पटच. म्हणून सगळी मारामारी त्या गुणांकावर आणि मूळ बाजारभावावर असते, आणि बाजारभाव निघतो आसपासच्या खरेदीखतांवरनं. इथं आपली माणसं आपल्याच कर्मानं मार खातात. वर्षानुवर्षं स्टॅम्प वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी दाखवायची, मग संपादन आलं की तीच खरेदीखतं अधिकारी पुढं ठेवतो, घ्या, तुमच्या गावचा हाच दर. मी कोर्टात काय सांगणार, की माझा अशील आणि त्याचा सगळा गाव खोटं लिहीत होता? २०१५ च्या आधी हायवेला गेलेल्या जमिनींना तर दिलासा रक्कम मिळतच नव्हती बरीच वर्षं, ते २०१९ ला सुप्रीम कोर्टाच्या तरसेम सिंग निकालानं मिळालं.

शहरातलं काम वेगळं. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, तुमच्या प्लॉटवर बाग, शाळा, रस्ता असं आरक्षण पडतं आणि महापालिका घेतही नाही आणि सोडतही नाही. बांधता येत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक निम्म्या किमतीत मागतं. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ आहे त्याला, दहा वर्षं झाली की खरेदी नोटीस द्यायची आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. नोटिशीत मालकीचे कागद जोडले नाहीत म्हणून किती नोटिसा वाया गेलेल्या बघितल्यात. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडं बांधकामाला वापरता किंवा विकता येणारा हक्क, घ्यायचा का नाही ते प्रत्येकाच्या गणितावर आहे, त्यात मी पडत नाही.

आणि अजून एक, तू मुलगी आहेस म्हणून जास्त सांगतो. मोबदला आला की घरं फुटतात. वीस वर्षं बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, कुणाला काय वाटलं नाही, चेकची बातमी आली की भाऊ हक्कसोडपत्राचे कागद घेऊन बहिणीच्या दारात, जरा सही कर, रस्त्याच्या कामाचं आहे. बायका विश्वासानं करतात. मग एखादी माझ्याकडं येते आणि विचारते आता काय करता येईल. पुरुष वकिलासमोर त्या भावाविरुद्ध नीट बोलत नाहीत, निम्मं पोटात ठेवतात. तुझ्यासमोर बोलतील. राज्यानं हिरावून घेतलं तरच मालमत्तेचा हक्क आठवायचा असं नाही, पण ह्या भांडणात ३००-ए कामाला येत नाही, तिथं वारसा कायदाच, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा सांगणारा विनीता शर्मा २०२० पाठ असलेला बरा.

पोट. मला पहिल्या महिन्यात सिनिअरनी ५०० रुपये दिले होते आणि ते पण पाकिटात घालून, पगार म्हणाले नाहीत, पेट्रोल म्हणाले. पाच वर्षं चणचण असते. त्या काळात चेक बाऊन्सच्या केसेस कर, वारसदाखले कर, भाडेकरार कर, लाज कसली. जमिनीचं काम हळू उगवतं, पण एका संपादनात एका गावचे चाळीस खातेदार असतात, एकाचं नीट केलंस तर एकोणचाळीस येतात, ही जाहिरात फुकट. शिवाय आता रिंगरोड, हायवे, धरणाचे कालवे, सातबाऱ्यावरचे पुनर्वसनाचे शेरे, काम संपणारं नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी किती मोर्चे काढले ते तू बघितलंच असशील, मोर्चाचा झेंडा खाली ठेवल्यावर ज्याला हरकती लिहायला बसायला लागतं तो वकील असतो.

पण टक्केवारीला हात लावू नको. तुला लगेच लोक भेटतील जे म्हणतील वाढीव रकमेच्या दहा-पंधरा टक्के घ्यायचे, अशील पण खूश, आधी काय द्यायला नको. बार कौन्सिलच्या नियमात निकालावर अवलंबून फी ठरवणं बसत नाही, मालमत्तेत वाटा घेणं तर नाहीच. नियम बाजूला ठेव, माझा अनुभव सांगतो, टक्का ठरला की आपण तडजोडीला घाई करतो किंवा उगाच ताणतो, दोन्हीत आपला वाटा दिसत असतो, शेतकरी दिसत नाही. मी ठरलेली फी घेतो, हप्त्यानं घेतो, ऊस बिल आल्यावर घेतो, एकदा एकानं गुळाच्या चार ढेपा आणून ठेवल्या होत्या त्या पण घेतल्या. टक्का नाही.

वाचायचं काय? कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमल कुमार शाह, १६ मे २०२४, हा निकाल, नुसती वरची सारांशाची हेडनोट नाही, पूर्ण वाच. महापालिकेनं आपल्या कायद्यातलं एक कलम संपादनाचा अधिकार म्हणून पुढं केलं, कोर्टानं म्हटलं ह्या कलमात तो अधिकारच नाही. आणि मग ३००-ए च्या पोटात सात हक्क मोजून दाखवले, नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, रास्त मोबदला, वेळेत आणि नीट प्रक्रिया, आणि ती शेवटाला नेणं. मी रिट लिहिताना आता हे सात एका कागदावर लिहून प्रत्येकासमोर तारीख टाकतो, जिथं तारीख नाही तिथं माझा मुद्दा. दुसरा इंदूर विकास प्राधिकरण, ६ मार्च २०२०. त्याच्या आधी २०१४ च्या पुणे महापालिकेच्या निकालावर जुनी संपादनं व्यपगत झाली म्हणून आम्ही ढीगभर रिटं टाकली होती, ह्या निकालानं २०१३ च्या कायद्यातल्या कलम २४(२) मधल्या 'किंवा' चा अर्थच फिरवला, ताबा पण नाही आणि पैसे पण नाहीत असं दोन्ही असेल तरच व्यपगत. एका दुपारीत माझ्या कपाटातल्या अकरा फाईली मेल्या. एका शब्दाचा अर्थ काय असतो ते त्या दिवशी कळतं. तिसरा, मुंबईच्या जुन्या इमारतींचा, प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन, ५ नोव्हेंबर २०२४, नऊ न्यायाधीश, खासगी मालकीची प्रत्येक वस्तू म्हणजे समाजाचं भौतिक साधन नाही असं बहुमतानं ठरलं. रोजच्या कामाला तो फारसा लागत नाही, पण वाच.

आता काका. नॅशनल हायवेचं संपादन १९५६ च्या हायवे कायद्यानं होतं. ३-ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी, अधिसूचना राजपत्रात निघाली की हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात, कलम ३-सी. दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोज, पेपरातली जाहिरात कधीकधी उशिरा येते. पेपरात येऊन पंधरा दिवस झाले म्हणतेस, म्हणजे हातात जास्तीत जास्त सहा दिवस आहेत आणि कदाचित तेवढेही नाहीत. ३-डी ची, म्हणजे संपादन पक्कं केल्याची, घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडं जाते, मग उरतं ते फक्त पैशाचं भांडण, तेही आधी लवादापुढं. सुगीची वाट बघायची नाही. हरकत साध्या मराठीत लिही, गट नंबर, क्षेत्र, विहीर, पाइपलाइन, रानाचे दोन तुकडे कसे होतायत, पलीकडच्या तुकड्यात जायला वाट कुठनं ठेवणार, सुनावणी पाहिजे असं स्पष्ट लिही, आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोहोच घे, गोल शिक्का आणि तारीख दिसली पाहिजे, नुसती सही नको. ऑनलाइन सातबाऱ्यावर भागवू नको, गेल्या साठ वर्षांचे फेरफार काढ. उद्या सकाळी तहसील उघडायच्या आधी नकलेच्या खिडकीपाशी जा, अकरानंतर लाईन वाढते.